ऑन-ग्रिड सोलर घेतलं तर पावसाळ्यात लाइट टिकेल का?

वाडीवरचा:
घर देवगड तालुक्यात. ११ केव्हीची लाइन आंबा-काजूच्या बागांतून येते, वारा सुटला की लाइट गेलीच. ३ किलोवॅट ऑन-ग्रिड सोलरचं (बॅटरी नसलेलं, थेट लाइनला जोडलेलं) कोटेशन आलंय. लाइट गेल्यावर त्यावर घर चालेल? की स्मार्ट मीटर आल्यावर लाइट जाणंच कमी होईल?

खाडीकाठ:
नाही चालणार. लाइन मेली की ऑन-ग्रिड इन्व्हर्टर भर उन्हातही बंद पडतो, आणि तो पडायलाच हवा. नाहीतर तुमची वीज डीपीतल्या ट्रान्सफॉर्मरमधून उलटी जाऊन ११ केव्ही होईल आणि खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जाईल. चेंजओव्हर स्विचशिवाय (घर एकावेळी लाइन किंवा जनरेटर यांपैकी एकालाच जोडणारा) जनरेटर लावणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं.

हायब्रिड इन्व्हर्टर (लाइन गेली की घर तिच्यापासून तोडून सोलर-बॅटरीवर चालवणारा) आणि ५१.२ व्होल्ट १०० एएच लिथियम बॅटरी घ्या, म्हणजे ५ युनिट. वापरायला ४ धरा. ३० वॅटचे चार बीएलडीसी पंखे रात्रभर, दिवे, वायफाय आणि लहान फ्रिज मिळून दिवसाला अडीच युनिट होतात. उघडीप असेल तर ३ किलोवॅटचे १२ युनिट निघतात. झड लागली की चौथाईवर येतात, तरी एवढा भार निभतो. विहिरीचा एक एचपी पंप मात्र बॅकअपवर नको. सुरू होताना तो चार-सहा पट करंट ओढतो आणि इन्व्हर्टर ट्रिप होतो.

फीडरवाला:
स्मार्ट मीटर फार तर कुठली डीपी मेली ते कळवेल, फांदी नाही उचलणार. खरं काम लाइनवर आहे. फांदी घासून गेली तर दोष क्षणाचा असतो, पण उपकेंद्रातला ब्रेकर पडला की अख्खा फीडर (उपकेंद्रातून निघालेली सगळी लाइन) अंधारात. मध्ये ऑटो-रिक्लोझर असेल तर तो काही सेकंदांत लाइन पुन्हा जोडतो. दोष कायमचा निघाला तर ठरलेल्या प्रयत्नांनंतर उघडाच राहतो, मागची, उपकेंद्राच्या बाजूची गावं वाचतात. फांट्यावर फॉल्ट इंडिकेटर (दोष कुठल्या फांट्यावर आहे ते दाखवणारे) असले की वायरमनला रात्री सगळी लाइन पायी तुडवावी लागत नाही. बागेतल्या टप्प्याला कव्हर्ड कंडक्टर (वरून आवरण असलेली तार) हवा. ग्रामसभेच्या ठरावात हे तिन्ही नावानिशी मागा, नुसतं 'वीज सुधारा' लिहू नका.

वाडीवरचा:
समुद्र जेमतेम अर्धा किलोमीटर. वेगळं काही?

खाडीकाठ:
पॅनेलला सॉल्ट मिस्टचं (खारी हवा सोसण्याचं) प्रमाणपत्र बघा, नटबोल्ट एसएस ३१६चेच (खाऱ्या हवेत कमी गंजणारं स्टेनलेस स्टील). एसी-डीसी दोन्ही बाजूंना एसपीडी (अचानक वाढलेलं व्होल्टेज जमिनीत सोडणारं उपकरण) लावा. जांभ्यात अर्थिंग धड बसत नाही. मे महिन्यात मोजा, ५ ओहमच्या आत हवं. ऑगस्टमधलं रीडिंग ओल्या जमिनीमुळे चांगलंच येतं, त्यावर विसंबू नका.