ज्यूरीला ‘पंच’ म्हणावं का?

विचारणा: १९०८ च्या टिळक खटल्यावर शाळेतल्या मुलांसाठी एक लेख लिहिते आहे. ज्यूरीला, म्हणजे खटला ऐकून आरोपी दोषी आहे की नाही ते सांगणाऱ्या नागरिकांच्या गटाला, ‘पंच’ म्हटलं तर चालेल का? शिवाय ‘आरोपी’ आणि ‘गुन्हेगार’ यांत मुलं हमखास गल्लत करतात.

प्रतिसाद: ‘पंच’ नको. फौजदारी खटल्यात पंच म्हणजे पंचनाम्यावर सही करणारा. त्याची साक्ष होते, उलटतपासणी होते. ज्यूरीतला माणूस साक्ष देत नाही, ऐकतो. ‘ज्यूरी’च ठेवा, शब्द रुळलेला आहे. तिच्या उत्तराला मात्र ‘निकाल’ न म्हणता ‘कौल’ म्हणा. नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरच्या खुनाच्या खटल्यात (१९५९) ज्यूरीने ८ विरुद्ध १ असा ‘दोषी नाही’ हा कौल दिला. सत्र न्यायाधीशांना तो पटला नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं आणि तिथे जन्मठेप झाली. कौल एक, निकाल दुसरा.

दुसरा प्रतिसाद: आरोपी-गुन्हेगार गल्लत मुलांचीच नाही हो. ‘आरोपीने चाकूने वार केले’ असं बातमीत सर्रास छापतात, खटला उभाही राहिलेला नसतो. ‘वार केल्याचा आरोप आहे’ एवढंच म्हणता येतं. तुरुंगातल्या बोलीत हा फरक जपलाय: खटला चालू असलेला तो कच्चा कैदी, शिक्षा झालेला तो पक्का. मुलांना हीच जोडी सांगा, लगेच कळेल.

मला जास्त खुपतं ते ‘पुराव्याअभावी सुटला’. तोंड वाकडं करून म्हणतात, जणू चोर निसटला. गुन्हा शाबीत करायची जबाबदारी सरकार पक्षाची. ती पार पडली नाही, तर तो माणूस कायद्याने जसा आधी निर्दोष होता तसाच राहतो. ‘शाबीत’ हा जुना शब्द म्हणूनच मला फार आवडतो. न्यायालय माणसाच्या मनात डोकावत नाही, समोर काय शाबीत झालं तेवढं बघतं.

पहिला प्रतिसाद पुन्हा: टिळकांच्या खटल्यात तर शब्दांवरच सगळं अडलं होतं. ज्या लेखांवरून राजद्रोहाचा आरोप झाला ते ‘केसरी’तले, मराठी. ज्यूरीत सात युरोपीय आणि दोन पारशी, त्यांच्यापुढे इंग्रजी भाषांतरं. त्या भाषांतरांतल्या शब्दांवर टिळकांनी स्वतः आक्षेप घेतले. कौल ७ विरुद्ध २ असा दोषी. त्यावर, ज्यूरी काहीही म्हणो, मी निर्दोष आहे, असं त्यांनी भर कोर्टात सांगितलं. मुंबई हायकोर्टात ते शब्द आज कोरलेले आहेत. दोषी ‘ठरणं’ आणि दोषी ‘असणं’ यांतलं अंतर दाखवायला याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

विचारणा करणारी: मनापासून आभार. मी ‘टिळक दोषी निघाले’ असं लिहिलं होतं. आता ‘नवांपैकी सात जणांनी टिळकांना दोषी ठरवलं’ असं करते.