अनुभव धागा: कोकणातल्या घरातून मोठ्या टेक कंपनीची मुलाखत

गूगल, अ‍ॅमेझॉन, मायक्रोसॉफ्टच्या बऱ्याच फेऱ्या व्हिडिओवर होतात, म्हणजे देवगड-चिपळूणहूनही देता येतात. मुलाखती दिलेल्या आणि घेतलेल्या मंडळींनी कामाचं तेवढंच लिहा. ‘आत्मविश्वास ठेवा’ छापाचे सल्ले नकोत.

रत्नागिरीकर
कोडिंगच्या फेरीतल्या ४५ मिनिटांपैकी हातात ३५च येतात. बाकीची ओळखीत आणि शेवटच्या तुमच्या प्रश्नांत जातात. प्रश्न मुद्दाम अर्धवट सांगतात. लगेच टायपायला लागू नका. आकडे किती, ऋण असतील का, यादी रिकामी असू शकते का, हे आधी विचारा. आकडे ‘एक लाख’ असं उत्तर आलं तर लूपमध्ये लूप (प्रत्येक आकडा बाकी प्रत्येकाशी ताडून बघणं) बाद: त्यात १००० कोटी क्रिया होतात आणि ढोबळमानाने सेकंदाला १० कोटी धरल्या तरी १०० सेकंद लागतात. आधी सॉर्ट करून (आकडे क्रमाने लावून) सुटत असेल तर साधारण १७ लाखांत भागतं. हा हिशेब तोंडाने बोलून करा. साधा-सोपा मार्ग एका वाक्यात, त्याचा खर्च (म्हणजे क्रिया किती), मग सुधारणा, समोरच्याचा होकार आणि त्यानंतर कोड.

बोलण्यावर एवढा भर का? मुलाखत घेणारा सतत टिपणं काढत असतो. गूगलमध्ये निर्णय घेणारी समिती तुम्हाला भेटतच नाही, ती टिपणंच वाचते. मनातल्या मनात सुटलेलं गणित तिथे पोचत नाही. पुष्कळदा एडिटरमध्ये कोड चालवताही येत नाही, तेव्हा तीन-चार आकड्यांचं उदाहरण घेऊन प्रत्येक ओळीला व्हेरिएबलची किंमत शेजारी लिहीत जा. चुका बहुतेक लूपच्या शेवटच्या फेरीत सापडतात.

कुडाळवालो
पावसाळ्यात मुलाखत असेल तर वायफायला छोटा डीसी यूपीएस (वीज गेली तरी राउटर चालू ठेवणारी बॅटरी) लावाच. अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट तंतोतंत जुळायला हवेत (बहुधा १२). अँपिअर तेवढे किंवा जास्त. फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोघांनाही बॅकअप हवा. नाहीतर वायफायच्या कांड्या फुल्ल आणि नेट मात्र गुल!

फांदी पडून किंवा हायवेच्या खोदकामात केबल तुटली तर यूपीएस काय करणार? मोबाइल डेटा दुसऱ्या कंपनीचा ठेवा. चिऱ्याच्या जाड भिंतींत रेंज मरते, म्हणून फोन खिडकीत ठेवून यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडा आणि त्याच खुर्चीत बसून आदल्या दिवशी व्हिडिओ कॉल करून बघा. पत्र्याखालची खोली नको, स्लॅबखालची घ्या. माइक तोंडाजवळ येणारा हेडसेट बरा. रिक्रूटरला फोन नंबर आधीच देऊन ठेवा.

दापोली
अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची वेळ आली असेल तर उन्हाळी वेळेत साडेबारा तास मिळवा, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून साडेतेरा. त्यांचे सकाळचे ९ म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ किंवा साडेदहा.

मालवण, सध्या हैदराबाद
अ‍ॅमेझॉन मुलाखतीत माणूस ज्यांवर जोखते ती कंपनीची १६ तत्त्वं (लीडरशिप प्रिन्सिपल्स) नुसती पाठ करून उपयोग नाही. कामातले आठ-दहा प्रसंग काढा: अडचण काय, तुमच्यावर जबाबदारी काय होती, तुम्ही काय केलंत, आकड्यात काय बदललं. आपल्याकडे ‘मी मी’ करणं वाईट दिसतं, म्हणून सगळे ‘आम्ही केलं’ म्हणतात. पण टिपणात तुमच्या नावापुढे मग काहीच राहत नाही. फेऱ्यांमध्ये दुसऱ्या टीमचा एक ‘बार रेझर’ (निवडीचा दर्जा राखणारा) असतो, खोदून विचारणारा बहुधा तोच.

चिपळूण, हिशेबवाली
ऑफरमधला शेअरचा आकडा चार वर्षांचा असतो. अ‍ॅमेझॉनची परिचित वाटणी ५, १५, ४०, ४० टक्के अशी आहे. चारने भागून पहिल्या वर्षाचं बजेट आखू नका. शेअर हातात पडतात त्या दिवशीच्या भावावर पगारासारखा कर बसतो, एकही विकला नसला तरी. परदेशी शेअर असतील तर आयटीआर-१ (आयकर विवरणाचा सगळ्यात साधा फॉर्म) चालत नाही, आणि परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात जानेवारी ते डिसेंबर असं वर्ष धरतात.

वेंगुर्ला
मुलाखत घरून झाली म्हणून नोकरीही घरून मिळेलच असं नाही. अ‍ॅमेझॉनने जानेवारी २०२५ पासून आठवड्याचे पाचही दिवस ऑफिस केलंय. टीम ठरताना विचारून घ्या: ऑन-कॉलचा (रात्री-अपरात्री बिघाड सांभाळायच्या पाळीचा) आठवडा किती दिवसांनी येतो, अलर्ट किती मिनिटांत उचलायचा, रात्री असे किती अलर्ट वाजतात. आणि चतुर्थीचा आठवडा वेळापत्रक लागताच बदलून घ्या. उत्तरेकडचा सहकारी दिवाळीच्या बदल्यात आनंदाने घेतो.