मोल्सवर्थ आडनावाबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
१८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशामुळे मोल्सवर्थ हे नाव आपल्या ओळखीचं, पण खुद्द इंग्लंडात हे आडनाव तसं विरळाच. मूळ गाव मोल्सवर्थ, पूर्वीच्या हंटिंग्डनशर काउंटीतलं; १०८६ च्या डूम्सडे बुकात (राजाने करवून घेतलेल्या इंग्लंडच्या जमीनजुमल्याच्या नोंदवहीत) त्याची नोंद आहे. गंमत म्हणजे बडी घराणी सापडतात ती भलतीकडेच: कॉर्नवॉलात पेन्कॅरो वाड्याचे बॅरोनेट, आयर्लंडात व्हायकाउंट (दोन्ही वंशपरंपरागत किताब). डब्लिनमध्ये तर मोल्सवर्थ स्ट्रीटच आहे!

सरदार-दरकदार पुरे झाले, मला साध्या माणसांचा माग हवाय. १८८१ च्या ब्रिटिश जनगणनेत हे आडनाव कुठल्या काउंटीत किती, ते फुकटात कुठे बघता येईल? शोधताना स्पेलिंगचे कोणते फेरफार धरावेत? यूकेतल्या कुणी पॅरिश रजिस्टरं (चर्चमधल्या बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नोंदवह्या) चाळली असतील तर जरूर सांगा.