उंदराला मंत्रचळ कसा लागेल?

सोलापूरकर_७
माझ्या ताईला ओसीडी आहे. आमची आजी याला मंत्रचळ म्हणायची. दुधाची पिशवी घरात आली की ताई ती तीनदा धुते, मग हात, मग नळ. फ्लुओक्सेटिनच्या गोळ्या सुरू होऊन दोन महिने होतील. परवा वाचलं की या आजारासाठी उंदरांची जनुकं बदलून संशोधन करतात. ताईच्या डोक्यात येतं, 'धुतलं नाही तर बाबांना काहीतरी होईल.' उंदराच्या डोक्यात काय येणार? यातून कुणाच्या पदरात काही पडतं, की नुसते पेपर छापतात?

चहाबाज
पेपरच हो. उंदरांचा कॅन्सर शंभरदा बरा झालाय, माणसांचं काय ते बघा.

पिंजरावाली
चहाबाज, पेपर छापतात हे खरं, पण एवढंच नाही. मी चार वर्षं नेमके हेच उंदीर सांभाळलेत, म्हणून लिहिते.

या उंदरांमध्ये सॅपॅप-३ नावाचं प्रथिन बनवणारं जनुक निकामी केलेलं असतं. हे प्रथिन मेंदूतल्या स्ट्रायटम या भागात भरपूर असतं, दोन चेतापेशींच्या सांध्यावर, संदेश घेणाऱ्या बाजूला. २००७ साली ड्यूक विद्यापीठात ग्वोपिंग फेंग यांच्या गटाने हे उंदीर जगासमोर आणले. चार-सहा महिन्यांचे होईतो ते ठीक दिसायचे, मग तोंडावर जखमा. भांडले असतील, असंच कुणालाही वाटेल. आमच्याकडचे काळे उंदीर तर एकमेकांच्या मिशाही उपटतात, त्यांना आम्ही न्हावी म्हणायचो. पण एकेकटे ठेवलेल्या उंदरांनाही जखमा झाल्या. व्हिडिओ काढले तेव्हा दिसलं की ते पुढच्या पायांनी तोंड पुसत सुटतात, कातडी सोलवटली तरी थांबत नाहीत.

माझं काम म्हणजे असले व्हिडिओ बघून सेकंद मोजणं. तोंड पुसणं वेगळं, मागच्या पायाने खाजवणं वेगळं. कुठला उंदीर बदललेला आणि कुठला साधा हे मला मुद्दाम सांगत नसत. उंदीर रात्रीचा प्राणी, त्यामुळे खोलीतले दिवस-रात्र उलटे केलेले. मी भर दुपारी तांबड्या दिव्यात बसायचे. दोन्ही आईबापांकडे त्या जनुकाची एकेक बिघडलेली प्रत असेल तर पिल्लांत सरासरी चारात एकच उपयोगाचं, म्हणजे दोन्ही प्रती बिघडलेलं निघतं, तेही शेपटीचा तुकडा तपासल्यावर कळतं.

आता तुमचा प्रश्न. उंदराच्या डोक्यात काय येतं ते आम्ही मोजत नाही, मोजताच येत नाही. मोजतो ते न थांबणं. त्याच उंदरांना फ्लुओक्सेटिन सहा दिवस रोज दिलं तर पुसणं कमी झालं, एका डोसने काही झालं नाही. आठवड्याच्या पिल्लांच्या स्ट्रायटममध्ये तेच जनुक परत घातलं, तर मोठेपणी जखमा फारशा झाल्याच नाहीत. म्हणजे बिघाड कुठे आहे याचा पत्ता मिळाला.

मला सगळ्यात आवडलेला प्रयोग २०१३ चा, एमआयटीतल्या अ‍ॅन ग्रेबिएल यांच्या गटाचा. आधी एक सूर वाजतो, मग कपाळावर पाण्याचा थेंब पडतो. साधा उंदीर सुरुवातीला सूर ऐकूनच तोंड पुसतो, पण हळूहळू शिकतो आणि थेंब पडेपर्यंत थांबतो. आमचा उंदीर काही केल्या शिकत नाही. मेंदूच्या पुढच्या भागातून स्ट्रायटमकडे जाणारी वाट प्रकाशाने चेतवली, तर तोही थांबायला लागला.

आता बोचणारी बाजू. ताईचं सॅपॅप-३ बिघडलंय असं मुळीच समजू नका. बहुतेक रुग्णांत कुठलंही एक जनुक दोषी नसतं. आणि उंदराला सहा दिवस लागले, माणसाला फ्लुओक्सेटिनने फरक पडायला आठ ते बारा आठवडे लागू शकतात. हा फरक मला कुणी नीट समजावून दिलेला नाही. गोळ्या मात्र परस्पर बंद करू देऊ नका.

निवासी_डॉक्टर
स्किझोफ्रेनियात, म्हणजे भास-भ्रम होणाऱ्या आजारात, तर उंदीर फारच तोकडा पडतो. त्याला आवाज ऐकू येतात का, हे विचारणार कसं? तिथे जरा भक्कम आधार म्हणजे २२व्या गुणसूत्राचा एक तुकडा गळालेली माणसं. त्यांच्यापैकी साधारण चौथ्या हिश्श्याला हा आजार होतो. उंदराच्या १६व्या गुणसूत्रावरचा जुळता तुकडा काढला, तर स्मृतीचं काम करताना हिप्पोकॅम्पस हा मेंदूतला आठवणींचा भाग आणि पुढचा मेंदू यांचा ताल जुळत नाही. याला मी आजार म्हणणार नाही, पण आजाराच्या खालचं काहीतरी हाती लागतं.

सोलापूरकर_७
ताईला वाचून दाखवलं. थेंबाच्या गोष्टीवर म्हणाली, "हो, माझाही हात आधीच जातो." मग तिने विचारलं, त्या उंदरांचं पुढे काय करतात? पिंजरावाली ताई, खरं सांगा.

पिंजरावाली
खरंच सांगते. जखम झाली की मलम लावायचं, नखं कापायची, पशुवैद्यांना दाखवायचं. जखम खोल असेल तर प्रयोग अर्धा राहिला तरी त्याला भूल देऊन मारतात. बाकीच्यांनाही शेवटी मारतातच, मेंदू कापून बघायचा असतो. त्या दिवशी मी डबा खोलीत नेत नसे, बाहेर जिन्यात बसून खायचे.