सुपर कॉन्स्टेलेशनसाठी तरी जाच
गोव्यातलं नौदलाचं विमान संग्रहालय तासाभरात उरकेल का, असं एकाने विचारलंय. उरकेल, पण उरकू नका. सी हॉक या लढाऊ विमानापाशी थांबा. डिसेंबर १९७१ च्या युद्धात 'विक्रांत' या विमानवाहू नौकेवरून उडालेल्या सी हॉकनी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बझार आणि चितगावावर हल्ले केले होते. पाणबुड्या शोधणारं आलिझेही बघा, त्याचे पंख दुमडतात.

माझा जीव मात्र तिथल्या सुपर कॉन्स्टेलेशन या मोठ्या विमानात अडकलाय. पंख्यांची चार इंजिनं, तीन उभ्या शेपट्या, माशासारखं बाकदार अंग! आधी एअर इंडियाचे प्रवासी वाहिले, मग हवाई दलात गेलं, शेवटी नौदलासाठी समुद्रावर टेहळणी केली. इतकी देखणी विमानं खाऱ्या वाऱ्यात उघड्यावर उभी आहेत. त्यांना छप्पर मिळावं, असं फार वाटतं. सकाळी लवकर जा, दुपारी ऊन सोसवत नाही.