मदत हवी आहे : ‘द एक्झिट ८’ मध्ये विसंगती ओळखण्याची पद्धत (कृपया यादी देऊ नये)

नमस्कार मंडळी,

मी सोलापुरात राहतो आणि सध्या ‘द एक्झिट ८’ हा छोटा मानसशास्त्रीय भयखेळ लॅपटॉपवर खेळत आहे. पाचव्या-सहाव्या क्रमांकापर्यंत मजल जाते आणि तेथून आकडा हमखास शून्यावर येतो. येथे हा खेळ पूर्ण केलेले बरेच जण असतील, म्हणून हा धागा काढत आहे. एक विनंती आधीच करतो : कोणकोणत्या विसंगती आहेत, याची यादी कृपया देऊ नये. ती यूट्यूबवर सहज सापडते, पण एकदा वाचली की या खेळात खेळण्यासारखे काहीच उरत नाही. मला उत्तरे नकोत, नजर कशी फिरवावी ते हवे आहे.

ज्यांना हा खेळ माहीत नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ‘कोताके क्रिएट’ या नावाने काम करणाऱ्या जपानी निर्मात्याने तो नोव्हेंबर २०२३ मध्ये स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानावर आणला. आपण एका भुयारी पादचारी मार्गात अडकलेले असतो. भिंतींना पांढऱ्या फरशा, एका बाजूला जाहिरातींची पोस्टर, दुसऱ्या बाजूला बंद दारे आणि हवेच्या जाळ्या, वर ट्यूबलाइटची रांग, खाली दृष्टिहीनांसाठी असते तशी पिवळी उंचवट्यांची पट्टी. वळण घेतले की तोच मार्ग पुन्हा समोर येतो. काही वेगळे, म्हणजे विसंगती, दिसले तर ताबडतोब मागे फिरायचे, काहीच वेगळे नसेल तर पुढे जायचे, एवढाच नियम आहे. निर्णय बरोबर ठरला की फलकावरचा आकडा एकाने वाढतो, चुकला की शून्य. हातात शस्त्र नाही, कोणाशी लढायचे नाही. पूर्ण व्हायला १५ ते ६० मिनिटे लागतात, असे निर्मात्यानेच लिहिले आहे.

माझी पहिली अडचण समोरून येणाऱ्या त्या माणसाची आहे. पांढरा सदरा, एका हातात बॅग, दुसऱ्या हातात फोन. तो प्रत्येक फेरीत त्याच चालीने येतो आणि आपल्याकडे न पाहता बाजूने निघून जातो. तो दिसला की माझे सारे लक्ष त्याच्या चेहऱ्यावर आणि पावलांच्या आवाजावर खिळते, आणि तो मागे जाईपर्यंत निम्मी भिंत न पाहताच मागे पडलेली असते. धाकटी बहीण शेजारी बसून पोस्टर पाहते, परंतु त्यांवरील जपानी मजकूर आम्हा दोघांनाही वाचता येत नसल्यामुळे चित्र बदलले आहे की पहिल्यापासून तसेच होते, यावर आमचे एकमत होत नाही. भीती आणि निरीक्षण ही दोन कामे एकाच वेळी करायला लावणे हीच या खेळाची खरी करामत आहे, असे मला मनापासून वाटते, आणि म्हणूनच तो यादी पाहून संपवायला जीव होत नाही.

दुसरी अडचण लॅपटॉपची. खेळ अनरिअल इंजिन ५ या खेळ बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर बनवलेला आहे आणि माझ्या लॅपटॉपमध्ये वेगळे ग्राफिक कार्ड नाही. त्यात आपल्याकडचा मे महिना. पारा चाळिशीच्या वर गेला की दुपारी पंखा पूर्ण वेगाने फिरूनही यंत्र तापते, चित्र अडखळू लागते आणि मान वळवताना मला गरगरते. म्हणून मी रिझोल्यूशन कमी केले, तर गरगरणे थांबले, पण पोस्टरवरील बारीक अक्षरे पुसट झाली. पुसट चित्रामुळे काही बदल माझ्या नजरेतून निसटत असतील का? आणि चित्र स्पष्ट ठेवून यंत्रावरचा भार कसा कमी करावा?

२०१४ साली प्लेस्टेशन ४ वर आलेल्या ‘पी.टी.’ या भयखेळातील घराचा तो एकच बोळ ज्यांनी पालथा घातला असेल, त्यांचा अनुभव येथे विशेष उपयोगी पडेल. त्याचे शेवटचे कोडे जगभरच्या खेळाडूंनी एकमेकांना विचारूनच उलगडले होते. २०१५ मध्ये तो खेळ स्टोअरवरून काढला गेल्यामुळे मला खेळायला मिळाला नाही.

प्रतिसाद १

आधी लॅपटॉपचे पाहू. रिझोल्यूशन पडद्याच्या मूळ मापावर परत न्या, कारण बारीक फरक दिसण्यासाठी तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. त्याऐवजी सावल्या आणि इफेक्ट यांची गुणवत्ता सर्वांत खालच्या पातळीवर ठेवा आणि ग्राफिक ड्रायव्हरच्या सेटिंगमधून फ्रेम रेट (दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) ३० वर मर्यादित करा. कधी पन्नास, कधी वीस अशा चढउतारापेक्षा स्थिर तीस डोळ्यांना पुष्कळ सुसह्य असतात आणि यंत्रही कमी तापते. माउसची संवेदनशीलता कमी केली तर गरगरणेही आटोक्यात येईल. खेळायचे ते पहाटे. सोलापुरात मे महिन्यात याला पर्याय नाही.

प्रतिसाद २

मी आपल्याच गावचा, पूर्व भागातला. टॉवेलच्या कारखान्यात मालाच्या तपासणीचे काम करतो, त्यामुळे तुमचा प्रश्न लगेच समजला. तपासणी टेबलावर टॉवेल आला की दोष कुठे आहे हे शोधत बसायचे नसते. किनारीपासून किनारीपर्यंत नजर दर वेळी एकाच वाटेने न्यायची, म्हणजे सुटलेला धागा आपोआप डोळ्यांत खुपतो. या खेळातही तेच करा. खेळ सुरू झाल्यावर लागणारा पहिला मार्ग निर्दोष असतो. तेथे घाई न करता प्रत्येक दार, दाराची मूठ, जाळी, पोस्टर, दिवे, फलक आणि पट्टी एका ठरलेल्या क्रमाने पाहून घ्या आणि पुढे तो क्रम मोडू नका. बहिणीला पोस्टरची भिंत पूर्णपणे सोपवा, तुम्ही दारे आणि छत सांभाळा. जपानी वाचता न आल्याने काही अडत नाही; चित्राचा आकार, जागा आणि रंग लक्षात ठेवले तरी पुरते.

त्या माणसासाठी वेगळी वेळ ठेवा. तो दिसताच जागेवर थांबा, त्याला डोक्यापासून पायापर्यंत एकदा नीट पाहा, पुढे जाऊ द्या आणि मगच भिंतीकडे वळा. चालता चालता दोन्ही करू गेलात तर दोन्ही निसटते. यादी देत नाही, पण एक सांगतो : सगळेच बदल आत शिरताक्षणी दिसत नाहीत, काही थोडा वेळ गेल्यावर उमटतात. म्हणून टोकाला पोहोचल्यावर एकदा मान वळवून पूर्ण मार्गावर नजर टाकावी.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. फ्रेम रेट मर्यादित केल्यावर पंख्याचा आवाज लगेच उतरला आणि मूळ रिझोल्यूशनवर पोस्टरच्या कडादेखील स्वच्छ दिसू लागल्या. एक शंका राहिली : टोकाला जाऊन मागे पाहिले, किंवा चार पावले मागे येऊन एखादे दार पुन्हा तपासले, तर खेळ ते ‘मागे फिरणे’ धरतो का? याच भीतीने मी आजवर कोणतीही गोष्ट दुसऱ्यांदा पाहिलेली नाही.

प्रतिसाद २

नाही धरत. सरळ मार्गाच्या आत हवे तेवढे मागेपुढे करा. वळण ओलांडून पुढच्या मार्गात पोहोचलात, की मगच निर्णय लागू होतो.