इजिप्शियन चित्रं शिकवताना आधी चौकोन की आधी थडगं?

गेरूरेघ
आठवी-नववीला इजिप्शियन चित्रकला शिकवताना ममी, परलोक, पिरॅमिड हे सगळं आधी सांगून टाकतात. मग मुलं चित्र पाहत नाहीत, ऐकलेलं त्यात शोधत बसतात. पहिला तास निव्वळ मोजमापाचा हवा. उभ्या आकृतीचा प्रिंट असा काढा की तळपायापासून कपाळावरच्या केसांच्या रेषेपर्यंत नेमके 18 सेंटिमीटर भरतील. वर 1 सेंटिमीटरचे चौकोन आखा. मध्य आणि नव्या राज्याच्या (प्राचीन इजिप्तच्या इतिहासाचे दोन कालखंड) काळातल्या चित्रांत तळपायापासून मोजत गुडघा सहाव्या रेषेजवळ येतो, खांदा सोळाव्या; म्हणजे प्रमाण ठरलेलं होतं. "यांना माणूस काढता येत नव्हता" हा समज तिथेच गळतो. मोजणी माथ्यापर्यंत नेली की फसते, कारण मुकुट आणि केशभूषेची उंची बदलती असते.

अनघड
साफ असहमत. थीब्ज या प्राचीन इजिप्शियन शहरातल्या नेबामुन या अधिकाऱ्याच्या थडग्यातलं (सुमारे इ.स.पू. 1350, आता ब्रिटिश म्युझियममध्ये) बागेतल्या तळ्याचं चित्र घ्या. तळं वरून पाहिलेलं, मासे-बदकं बाजूने, एका काठावरची झाडं चक्क आडवी. इथे चौकोन काय सांगणार? ही बाग मृताला कायमची मिळायची आहे, म्हणून प्रत्येक गोष्ट सहज ओळखू येईल अशा बाजूने काढली. हे आधी सांगितलं नाही तर मुलं "पर्स्पेक्टिव्ह चुकलं" असंच लिहितात, आणि एकदा बसलेलं ते मत लवकर हलत नाही.

गेरूरेघ
@अनघड, तळ्याला चौकोन लागू नाहीत, मान्य. पण तिथेही आधी बघणंच. चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवून प्रत्येक वस्तूवर 'वरून' किंवा 'बाजूने' लिहायला लावा. नियम मुलांनाच सापडतो. "असं का केलं असेल?" हा प्रश्न त्यांनी विचारला की मग थडगं सांगा.

पाथरवट
खरी गडबड तुलनेत होते, तिकडे कुणी वळतच नाही. इजिप्तचा राजा मेनकौरेचा पुतळा आणि ग्रीक कुरोस (उभ्या नग्न तरुणाचा पुतळा) ही ठरलेली जोडी. दोहोंत सुमारे 1900 वर्षांचं अंतर, शिवाय देश, दगड, हेतू सगळंच वेगळं. मुलं फरकांची यादी करतात, कारण एकाचंही देता येत नाही. त्यापेक्षा थीब्जलाच वजीर रामोसच्या थडग्यातली एक भिंत दाखवा. एकीकडे चौथा आमेनहोतेप, म्हणजे पुढचा अखेनातेन, जुन्या धाटणीत मात या सत्य-न्यायाच्या देवीसह बसलेला. दुसरीकडे तोच राजा राणी नेफर्तितीबरोबर खिडकीत, वर आतेनची (सूर्यबिंबाच्या रूपातला देव) किरणं आणि त्यांच्या टोकांना हात. राजा तोच, भिंत तीच, अंतर थोड्या वर्षांचं. म्हणजे बदल कौशल्यातला नाही, हे पुराव्यानिशी दाखवता येतं.

अनघड
जोडी उत्तम. पण किरणांना हात का, हे आतेनपंथ न सांगता कसं उलगडणार? आणि खिडकीतला राजा अर्धाच दिसतो. गेरूरेघ, तळपाय कुठून आणणार?

गेरूरेघ
त्यासाठी अमार्नामधली (अखेनातेनची नवी राजधानी) उभी आकृती घ्या. 18 चौकोन तिथे बसतच नाहीत, 20 लागतात. वाढीव दोन मान आणि धडाच्या भागात जातात. लांब मान मुलं आधी मोजून सिद्ध करतात, पंथ त्यानंतर. किरणांपुरतं तुमचं म्हणणं मानतो, ते सांगावंच लागेल.

पाथरवट
मोजणार असाल तर फोटो भिंतीच्या अगदी समोरून घेतलेला निवडा. खालून तिरका काढलेल्या फोटोत वरचे चौकोन आखूड पडतात आणि मुलं तो दोष चित्रकाराच्या माथी मारतात.